बुरशीशी भाऊबंदकी

मराठीचा अध्यापक असल्यामुळे शब्दांच्या वंशावळी जुळवण्याची मला खोड आहे. पण शास्त्रज्ञांनी जुळवलेली एक वंशावळ वाचली आणि मी थक्कच झालो. लोणच्यावर चढणारी बुरशी, उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री आणि आपण माणसे, ही म्हणे एकाच घराण्यातली!

वाचक म्हणतील, ‘मास्तर, अळंबी तर भाजीवालीच्या पाटीत असते!’ खरे आहे. जागचे हलत नाही ते झाड, असेच शास्त्रही पुष्कळ वर्षे धरून चालले होते. पण बुरशीजवळ हरितद्रव्य नाही. आपल्यासारखीच तीही दुसऱ्याच्या आयत्या अन्नावर जगते. झाडे पिष्ट साठवतात; बुरशी साठवते ग्लायकोजेन, जे आपल्या यकृतात असते. तिच्या पेशींच्या भिंतीतले कायटिन खेकड्याच्या कवचातही सापडते. १९९३ साली रेणूंची तुलना झाली आणि नाते पक्के ठरले: वनस्पतींची शाखा आधीच वेगळी झाली होती, प्राणी आणि बुरशी यांची वाटणी त्यानंतरची. तीही शंभर कोटी वर्षांपूर्वीची!

उलट, दिसते सारखे ते सगेच असते असेही नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या द्राक्षबागाईतदाराला भुरी आणि केवडा हे दोन्ही रोग ठाऊक. भुरीला तो गंधक मारतो, केवड्याला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण. पुस्तकांनी दोन्हींना बुरशीच म्हटले होते. आता कळते, भुरी खरी बुरशी, म्हणजे आपली भाऊबंद. केवडा मात्र समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा नातलग. औषधे निराळी वापरणारा शेतकरी नकळत बरोबर होता!

हे नाते नुसते कौतुकाचे नाही. भाऊबंदांशी भांडण सर्वांत अवघड, कारण घराची रचना दोघांची एक. जिवाणूंची पेशी आपल्याहून फार निराळी, म्हणून पेनिसिलिन तिला मारते आणि आपल्याला सोडते. बुरशीचे तसे नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने रोगी हवालदिल झाले, तेव्हा ॲम्फोटेरिसिनसाठी धावाधाव झाली. हे औषध बुरशीच्या पेशीतल्या अर्गोस्टेरॉलला धरते. आपल्या पेशीतले कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड. म्हणून रोग्याच्या मूत्रपिंडालाही झळ पोचते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६० च्या सुमारास डॉ. थिरुमलाचार यांनी शोधलेले हॅमायसिनही याच जातीचे.

तेव्हा मंडळी, नायटा उठला की शेजाऱ्याने सांगितलेले मलम मनाने चोळू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस औषध घ्या. घरचे भांडण आहे. जाणत्या पंचाकडूनच मिटवलेले बरे.