हवेवर कोण जगतं?

मी कॉमर्सचा माणूस. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला आणि पुढे कोथिंबिरीची जुडी निवडण्यापुरता उरला. तरीही आज चिडून लिहायला बसलो आहे, आणि त्याला कारण एक वाळलेलं रोप.

झालं असं, की मार्चमध्ये सौभाग्यवतींनी नर्सरीतून एक 'एअर प्लँट' आणलं. कुंडी नाही, माती नाही. "हे नुसत्या हवेवर जगतं ताई, काही द्यावं लागत नाही," असं विकणाऱ्याने सांगितलं. काही द्यावं लागत नाही म्हटलं, की आमच्या घरात कोणतीही वस्तू येऊ शकते! ते आम्ही खिडकीत टांगलं. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसावर गेला आणि हवेवर जगणारं ते रोप हवेनेच मेलं.

मग मी चौकशीला लागलो. टिलँडसिया हे त्याचं नाव आणि ब्रोमेलिएसी हे कूळ. म्हणजे चक्क आपल्या अननसाचं भाऊबंद! या कुळात तीन हजारांवर जाती आहेत आणि एक सोडून सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. ती एक, पिटकेर्निया फेलिसियाना, पश्चिम आफ्रिकेत एकटीच पडली आहे, दूरच्या शाखेवर बदली झालेल्या कारकुनासारखी.

पण खरी गंमत नावात आहे. सतराव्या शतकात एलियास टिलँड्स नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. तरुणपणी जहाजाने स्टॉकहोमला जाताना त्यांना समुद्र असा काही लागला, म्हणतात, की परतताना त्यांनी अख्ख्या आखाताला वळसा घालून पायी येणं पसंत केलं. लिनियसला वाटलं, या झाडांनाही पाणी सोसत नसावं. म्हणून त्याने त्यांना टिलँड्सचं नाव दिलं. वस्तुस्थिती काय? या झाडांच्या पानांवर बारीक खवले असतात आणि ते पाऊस, दव, धुकं पिऊन घेतात. पाण्याला घाबरणारं म्हणून ज्याची नोंद झाली, ते बिचारं अंगभर तोंडं उघडून पाण्याचीच वाट पाहत असतं. आमच्या खिडकीतही पाहत होतं.

ही हकिगत वरच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांना सांगितली, तर म्हणाले, "अरे, या शास्त्रज्ञांना दुसरा धंदा नाही. आधी या कुळाची तीन उपकुळं होती, आता म्हणे आठ! माझ्या नातीकडचं गुलाबी पंख्याचं टिलँडसिया 2016 साली वॉलिशिया झालं. झाडाला काय फरक पडतो?"

काका, 2020 च्या एप्रिलमध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हा खात्याचा नवा कोड विचारायला तुम्ही तीनदा आमच्या काउंटरवर आला होतात. तेव्हा फरक पडत होता, नाही का?

आणि तीनाची आठ झाली ती हौसेने नव्हे. पूर्वी गरदार फळांची झाडं एका खात्यात, बियांना केसांचा झुपका असलेली दुसऱ्यात आणि बियांना पंख असलेली किंवा काहीच नसलेली तिसऱ्यात, असा हिशेब होता. हे तिसरं म्हणजे आमचं सस्पेन्स अकाउंटच! डीएनए तपासल्यावर कळलं, की त्यात एकमेकांचे सख्खे नसलेले लोक कोंबले होते. त्या एकाची सहा खाती करावी लागली. स्पॅनिश मॉस स्पॅनिशही नाही आणि मॉसही नाही, तेही एक टिलँडसियाच (आपलं मसाल्यातलं दगडफूल तरी कुठे दगड आहे, की फूल?). ते लिनियसने 1753 साली भलत्याच प्रजातीत टाकलं होतं. 1762 साली त्याने स्वतःच ती एंट्री रिव्हर्स केली. आमच्या साहेबांनी अजून एकही केलेली नाही.

हा वाद मी विसरलोही असतो. पण जुलैमध्ये सोसायटीने आंब्यावरची बांडगुळं काढायचा ठराव केला. ठराव योग्य होता. बांडगूळ फांदीच्या लाकडात मूळ घुसवतं आणि झाडाचं पाणी पितं. पण त्याच आंब्यावर एक रास्नाही होती. रास्ना म्हणजे व्हँडा टेसेलाटा, आपल्याकडची रानटी ऑर्किड. ही अननसाच्या कुळातली नाही, पण धंदा टिलँडसियाचाच: सालीला नुसती धरून बसायची आणि पावसाचं प्यायची. आंब्याच्या खात्यातून ती एक थेंब काढत नाही.

"दादा, ती राहू दे," मी खालून ओरडलो.

"काऊन जी साहेब? दोन्ही झाडावरच तर हाये!" माळी वरून म्हणाला.

सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही बँकेतले ना हो?" अहो, बँकेतला आहे म्हणूनच सांगतो! भाडं भरून राहणारा आणि तिजोरी फोडणारा, दोघेही एकाच इमारतीत सापडले म्हणून एकाच कलमाखाली घालता येत नाहीत. कोणी ऐकलं नाही. माळ्याला तरी काय बोलू? संस्कृतात 'वंदा' म्हणजे झाडावर वाढणारं बांडगूळ, आणि शास्त्रज्ञांनी तोच शब्द उचलून या ऑर्किडला चिकटवला. कोयता पडायच्या आधीच बदनामी रजिस्टरला लागलेली होती.

रास्ना मी कचऱ्याच्या ढिगातून उचलली आणि मागच्या शेवग्याला सुतळीने बांधली. रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी पाणी शिंपडतो. एक नवं मूळ शेवग्याच्या सालीला चिकटलेलं दिसतंय. काका गॅलरीतून वाकून विचारतात, "काय रे, जगतंय का तुझं बांडगूळ?"