समर ट्रेनिंग की फुकटचे सेल्समन?

एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपत आली की आमच्या अमरावती-अकोल्याकडे दरवर्षी एक गंमत सुरू होते. मुलांचे वडील ओळखी काढत फिरायला लागतात. नोकरीसाठी नाही हं, मुलाला फुकट काम करायला मिळावं म्हणून! मग चारचौघांत सांगितलं जातं, "पोरगा मोठ्या कंपनीत आहे सध्या, मार्केटिंगमध्ये." दोन महिन्यांनी कंपनीच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र मिळतं, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं छापलेला रिपोर्ट कॉलेजात जमा होतो आणि सगळे खूश.

माझ्या मते यात खूश होण्यासारखं फक्त कंपनीकडे असतं. का, ते सांगतो.

मी स्वतः हे २००७ च्या मे-जूनमध्ये केलंय. कंपनीचं नाव घेत नाही. कपाशीचं बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारी, देशभर पसरलेली मोठी कंपनी होती, एवढं पुरे. आम्ही सात-आठ जण होतो. काही अमरावतीचे, काही अकोल्याचे, एक मूर्तिजापूरचा.

आता वेळ बघा. मृग लागतो ७ जूनच्या आसपास. त्याआधीचे तीन-चार आठवडे म्हणजे वऱ्हाडात बियाणं विकण्याचा खरा हंगाम. विद्यार्थ्यांचं 'ट्रेनिंग' नेमकं त्याच आठवड्यांत येतं. शिकायला ही वेळ अगदी वाईट, कारण शिकवायला कुणाला फुरसतच नसते. विकायला मात्र याहून चांगली वेळ नाही.

त्या वर्षांत कंपन्यांना माणसंही खूप लागत होती. देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, तेव्हा मंजूर संकरित वाण होते फक्त ३. २००६ मध्ये ते ६२ झाले आणि २००७ मध्ये १३१. बहुतेकांमध्ये बोंडअळीविरुद्धचं जनुक एकाच कंपनीकडून परवान्यावर घेतलेलं. म्हणजे कृषी केंद्राच्या फळीवर रंगीबेरंगी पाकिटांची रांग, प्रत्येकावर टपोऱ्या बोंडांचा फोटो, आणि शेतकऱ्याला यातून एक निवडायचं. तो कशावरून निवडणार? जाहिरातीवरून थोडं, दुकानदार काय म्हणतो त्यावरून बरंच, आणि सगळ्यात जास्त ओळखीचं माणूस काय सांगतं त्यावरून.

हे कंपनीला पक्कं माहीत होतं. आमचं 'प्रशिक्षण' दोन दिवसांचं, अकोल्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी कंपनीचा इतिहास आणि जेवण. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याशी बोलायचं कसं, त्याने "विचार करून सांगतो" म्हटलं की सोडायचं कसं नाही, हे. आणि शेवटी एकेक कोरा कागद. साहेब म्हणाले, "तुम्ही सगळे इकडचेच ना? घरची, नात्यातली, गावातली शेती असेलच. प्रत्येकाने पंचवीस नावं लिहा, मोबाईल नंबरसकट."

माझा सगळा राग त्या कागदावर आहे.

पगारी विक्रेता ठेवला तर त्याला पगार, भत्ता, कमिशन द्यावं लागतं, आणि तरी गावात तो परकाच. विद्यार्थ्याला यातलं काही द्यावं लागत नाही. आणि तो सोबत काय आणतो? आजोळ, मावशीचं गाव, बाबांचे मित्र, शाळेतले गुरुजी. आमच्याकडे शिकलेल्या पोराच्या शब्दाला फार किंमत आहे. मामा म्हणतो, "तू शिकलेला हायेस बापू, तू सांगशीन तेच घेतो." हे वाक्य कमवायला त्या मामाने आणि त्या पोराच्या आईने वीस वर्षं घालवलेली असतात. कंपनी ते एका कोऱ्या कागदावर, फुकटात लिहून घेते.

मी नात्यातलं एकही नाव लिहिलं नाही, कृषी केंद्रांची नावं लिहून दिली. त्यावरून बोलणी खाल्ली ती खाल्ली. पण दर्यापूरकडच्या एका मित्राने सत्तावीस नावं लिहिली होती. त्याचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. जमिनीतलं पाणी खारं, विहिरीचा उपयोग नाही, सगळी भिस्त पावसावर. आणि आमच्या हातात जे पत्रक होतं त्यावरचं एकरी उत्पन्न होतं ठिबकच्या शेतातलं! ओलिताच्या वाणाचे आकडे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगू नयेत, एवढी साधी गोष्ट त्या दोन दिवसांत कुणी आम्हाला सांगितली नव्हती. मित्राच्या काकांनी पुतण्याच्या शब्दावर ते बियाणं पेरलं. त्या दिवाळीनंतर एका लग्नात काकांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुह्या कंपनीचे साहेब कुठी गेले आता?"

साहेब बदलून दुसऱ्या राज्यात गेले होते. पुतण्या तिथेच होता. त्याला प्रत्येक लग्नात त्या काकांना भेटावंच लागणार होतं. धंद्यात जोखीम असते हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. ती जोखीम कंपनीकडून उचलून बावीस वर्षांच्या पोराच्या अंगावर कशी टाकायची, हे मात्र प्रत्यक्षच बघायला मिळालं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "अरे, पण अनुभव मिळतो ना!" मिळतो, नाही कशाला म्हणू? मी दोन महिने कृषी केंद्रांच्या पायऱ्यांवर बसून बरंच शिकलो. शेतकरी बियाणं अनेकदा उधारीवर नेतो, हिशेब कापूस विकल्यावर होतो. त्यामुळे उधार देणारा जे पाकीट हातात ठेवेल त्याला नाही म्हणणं अवघड जातं. आणि दुकानदार बहुधा ज्यात त्याला जास्त सुटतं तेच पुढे करतो. वऱ्हाडातल्या बियाण्याच्या बाजाराबद्दल मला जे कळलं ते हे. पण रिपोर्टमध्ये याला जागाच नव्हती. रिपोर्टला हवं होतं कंपनीचं वेबसाईटवरून उतरवलेलं कौतुक, शंभर जणांची प्रश्नावली, गोल-गोल आलेख, आणि शेवटी 'सूचना : कंपनीने जाहिरातीवर अधिक भर द्यावा.' मार्गदर्शक प्राध्यापक एकदाही फिरकले नाहीत. त्यांच्याकडे तसे वीस-पंचवीस विद्यार्थी आणि पुढच्या सत्राची कामं. त्यांनाच दोष देऊन उपयोग नाही, पण मग त्याला अभ्यासक्रमाचा भाग तरी म्हणू नका.

बरं, आपल्याच भागात वेगळी रीत आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथले बी.एस्सी. ॲग्रीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षाला 'रावे'साठी गावात जातात. एका शेतकऱ्याशी जोडले जातात, त्याच्या शेतात काम करतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षणाचं सांगतात, रोजची नोंद ठेवतात. तिथेही टंगळमंगळ चालते, मी भाबडा नाही. पण एक फरक आहे. रावेच्या मुलाने शेतकऱ्याला "हे घेऊ नका" म्हटलं तर त्याचे मार्क जात नाहीत. आमच्या ट्रेनिंगमध्ये ते वाक्य म्हणायची सोयच नव्हती. ज्याला खरं बोलायची परवानगी नाही तो विद्यार्थी कसला?

आता पैशाचं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. तो म्हणतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, पण विद्यावेतन द्यावंच लागेल. २०१९ च्या नियमबदलाने पदवीधराला महिन्याला किमान ९००० रुपये ठरले. कॉलेजच्या पत्रावर होणाऱ्या समर प्रोजेक्टला मात्र हा कायदा सहसा लागतच नाही, कारण तसा करारच केलेला नसतो. आम्हाला पेट्रोलचे पैसेसुद्धा घरूनच न्यावे लागत.

सरकारने २०२४ मध्ये दोन योजना आणल्या. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५००० रुपये ठरले, त्यातले ४५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे. देशातल्या सगळ्यात मोठ्या ५०० कंपन्या आणि वाटा ५०० रुपये! राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये ठरले, ते पूर्ण सरकारचे. मुलांच्या हाती चार पैसे पडले तर वाईट नाही. पण काम कंपनीचं आणि पैसा जनतेचा, हा कुठला हिशेब?

आणि ज्या विद्यापीठाच्या पत्रावर आम्ही हे सगळं केलं त्याचं नाव काय, तर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. हा माणूस जन्मला शेणगावला, गेला वलगावजवळ, दोन्ही अमरावती जिल्ह्यातच. आधी झाडू मारायचा, लाकडं फोडायची, मग भाकर मागायची, ही त्यांची रीत. काम न करता खाऊ नका, हे त्यांचं सांगणं आपण इतकं उलटं कसं केलं की आता काम करून घेतात आणि भाकरही देत नाहीत?

काळ बदललाय असं कुणी म्हणेल. कागद बदललाय फक्त. माझी एक भाची आता अशाच एका ट्रेनिंगवर आहे. तिला शंभर मोबाईलवर कंपनीचं ॲप उतरवून द्यायचंय. पहिले वीस मोबाईल कुणाचे, ते मी सांगायला नको. आमच्या घरातल्या चार मोबाईलवर ते येऊन बसलंय.

मी ट्रेनिंग बंद करा म्हणत नाही. कॉलेजने पत्र देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, विद्यार्थ्याला विक्रीचं टार्गेट नाही आणि नात्यागोत्याची नावं मागायची नाहीत. दोन, जाण्यायेण्याचा खर्च आणि विद्यावेतन कंपनी देईल. तीन, दोन महिन्यांत मार्गदर्शक निदान एकदा प्रत्यक्ष जागेवर येईल आणि रिपोर्ट वाचेल. ज्या कंपनीला हे जमत नसेल तिला विद्यार्थी नकोच आहे, सेल्समन हवाय. तो बाजारात मिळतो, पगार देऊन.

आणि पालकांनो, ओळखी काढायला निघण्याआधी मुलाला एवढं विचारा की तिथे तो काय शिकणार आहे. उत्तरात एखाद्या वस्तूचं नाव आणि आकडा आला, तर तुमच्या मोबाईलमधले नंबर सांभाळा.