संत्र्याचा रस प्यावा की फोडी खाव्यात?

वरूड-मोर्शीची संत्री बाजारात आली की अमरावती-अकोल्यात रसाच्या गाड्या लागतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इम्युनिटी’चे मेसेज फिरू लागतात.

त्यात तथ्य आहेच. २०० मिलीच्या ग्लासातून दिवसभराची ‘क’ जीवनसत्त्वाची गरज जवळपास भागते. पण त्यात वरून न घालताही सुमारे १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. ग्लासाला तीन-चार संत्री लागतात. तेवढी एका बैठकीत खाणारे थोडेच! शिवाय गाळताना चोथा जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मधाच्याच रांगेत, ‘मुक्त साखर’ म्हणून मोजते. तिची मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम.

डबाबंद रस तर बऱ्याचदा आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला असतो. त्यावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये सांगितलं. ‘मिक्स बेरी’च्या डब्यातही अनेकदा सफरचंदाचाच रस जास्त असतो, मागची यादी वाचा. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी मिळाली तर ती तशीच खावी.

मधुमेह असलेल्यांनी रस टाळलेला बरा. त्यांची साखर अचानक खाली गेली तर मात्र डॉक्टर हाच रस अर्धा ग्लास घ्यायला सांगतात, कारण तो झटकन रक्तात साखर वाढवतो.