सव्वातीन मीटरचा हक्क

जेवणानंतरच्या छोट्या फेरीला उर्दूत 'चहलकदमी' म्हणतात. फारसीत चहल म्हणजे चाळीस, म्हणून ही चाळीस पावलं. मराठीत तिलाच आपण शतपावली म्हणतो. मी या दोन्ही भाषा शिकवते आणि मानखुर्दला राहते. इथल्या गल्लीत शंभर सोडाच, चाळीस पावलंही सरळ चालता येत नाहीत. कुठे गटारावरची फरशी निखळलेली असते, कुठे मागून रिक्षा येते, कुठे पाण्याच्या पिंपांनी अर्धी वाट अडवलेली असते. शब्द दोन आहेत, जागा एकही नाही.

आणि ही वस्ती पाण्याच्या काठची आहे. आपल्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. १९९२ साली लोकल मानखुर्दच्या पुढे वाशीपर्यंत गेली, तेव्हापासून रोज हजारो माणसं पुलावरून ती खाडी बघतात. भरती-ओहोटी बघतात, थंडीत रोहित पक्ष्यांचे थवेही बघतात. पण हे सगळं गाडीच्या दारातून. पायी चालत त्या पाण्यापर्यंत जायचं म्हटलं तर वाट कुठली? मधे महामार्ग, मधे कुंपणं, मधे चिखल आणि मधे कचऱ्याचा डोंगर. वर्गात 'पाण्याकाठी एक संध्याकाळ' असा निबंध दिला की आमची मुलं जुहूच्या चौपाटीवर लिहितात. घराजवळची खाडी एकाच्याही वहीत येत नाही. त्यात मुलांचा काय दोष? जिथे कुणी कधी नेलंच नाही, त्या जागेवर ती लिहिणार तरी काय?

हल्ली फ्रान्सच्या खेड्यांतून नदीकाठाने पायी भटकण्याचं कौतुक बरंच ऐकू येतं. सपाट वाट, बाजूला संथ पाणी, वर झाडांची सावली. सत्तरीची माणसंही आरामात चालतात. ऐकणारा म्हणतो, तो श्रीमंत देश, त्यांची हौस. मला हे उत्तर मान्य नाही. ती वाट हौसेतून आलेली नाही. ती कायद्यातून आली आहे, आणि तो कायदा मीटरमध्ये मोजता येतो.

१६६९ साली चौदाव्या लुईच्या राज्यात एक फर्मान निघालं. नावा तेव्हा घोडे ओढत. म्हणून नौकावहनाच्या नदीच्या ज्या काठाने घोडे चालत, तिथे चोवीस फूट आणि समोरच्या काठावर दहा फूट पट्टा मोकळा ठेवायचा, असा हुकूम होता. पुढे इंजिनं आली, घोडे गेले, पट्टा मात्र राहिला. आजच्या फ्रेंच कायद्यात तीच मापं ७.८० मीटर आणि ३.२५ मीटर अशी आहेत. जमीन खासगी मालकीची असली तरी सरकारी नदीच्या काठचा सव्वातीन मीटर पट्टा मालकाला अडवता येत नाही. २००६च्या कायद्याने तो पायी चालणाऱ्यांसाठीही खुला केला. वाट सपाट का, तर ती ओझं ओढणाऱ्या घोड्यासाठी केलेली होती. १६६६ ते १६८१ या काळात खोदलेल्या, २४० किलोमीटर लांबीच्या कनाल द्यू मिदीच्या काठाने आज लोक चालतात ते याच वाटांवरून.

तिथे सगळं गोड आहे असंही नाही. लहान नद्यांचे काठ तिथेही खासगी आहेत. आनसी तलावाच्या काठी बंगलेवाल्यांशी याच सव्वातीन मीटरसाठी नागरिकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पण झगडताना त्यांच्या हातात एक आकडा होता. आपल्या हातात काय आहे?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० सांगतं की नद्या, नाले, तलाव आणि भरतीरेषेखालचा खाडीचा तळ, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध नसेल तर, राज्य सरकारचा आहे. १९९६ साली मनालीजवळ बियास नदीच्या काठावरच्या एका हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नदी, समुद्रकिनारा, जंगल यांचं सरकार फक्त विश्वस्त आहे. ते जनतेचं आहे. म्हणजे खाडी आपली आहे. फक्त तिच्यापर्यंत जायला वाट नाही. घर आपलं आणि दार दुसऱ्याच्या अंगणात, असा हा प्रकार आहे.

ज्यांना दीनचा दाखला हवा असेल त्यांनी फिक्हमधला 'हरीम' हा शब्द आठवावा. विहीर, झरा, कालवा यांच्याभोवती जी जागा मोकळी राखायची, ती हरीम. पडीक जमिनीत खोदलेल्या विहिरीसाठी चाळीस हातांचं माप सांगितलं आहे. पाण्यावर आलेल्या माणसाला आणि जनावराला उभं राहता यावं, एवढाच त्यामागचा विचार. पाण्याबरोबर पाण्याकडे जाणारी जागाही येते, हे आपल्या फकीहांना शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्या नगररचनाकारांना ते अजून कळायचं आहे.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा. 'आधी पाणी द्या, संडास द्या, दवाखाना द्या, फिरणं नंतर.' वरवर हे शहाणपणाचं वाटतं. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात आपला एम पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता, त्यामुळे या मागण्या खऱ्याच आहेत. पण हक्कांची ही रांग फक्त गरिबांसाठी का लावली जाते? मलबार हिलला बागा कमी नव्हत्या, समुद्र तर समोरच होता. तरी २०२५मध्ये तिथे झाडांमधून ४८५ मीटरचा उन्नत निसर्ग मार्ग झाला. 'आधी काय, नंतर काय' असं तिथे कुणी विचारलं नाही. शिवाय, चालायची जागा ही दवाखान्याचीच गोष्ट आहे. इथला प्रत्येक डॉक्टर साखर वाढलेल्या बाईला सांगतो, रोज अर्धा तास चाला. ती मान हलवते आणि घरी येते. कुठे चालू, हे ती विचारत नाही, कारण डॉक्टरकडेही उत्तर नसतं. पुरुषाला निदान नाक्यावर उभं राहता येतं. बुरख्यातल्या बाईला फजरनंतर मोकळ्या हवेत चालायला सुरक्षित, उजेडाची, सरळ वाट लागते. ती नाही म्हणून ती घरातच बसते, आणि मग आपणच म्हणतो की आपल्या बायकांना बाहेर पडायची आवड नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा. 'वस्तीतल्या लोकांना आत सोडलं तर तिवरं संपतील.' तिवरं वाचली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला, ते योग्यच झालं. पण २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत, मंजूर आराखड्यानुसार कांदळवनातून पायवाट करायला वाव आहे. म्हणजे भराव न घालता, खांबांवर उचललेली लाकडी वाट. खाडीपलीकडे ऐरोलीच्या केंद्रातून लोक कांदळवन आणि रोहित बघतात, नेरूळमध्ये पाम बीच रस्त्याला पाण्याकाठी सकाळ-संध्याकाळ फिरतात. खाडी तीच. मग पलीकडे आलेला माणूस निसर्गप्रेमी आणि अलीकडून आलेला घुसखोर, हा फरक कोणत्या कायद्यात आहे? तिवरांवर राडारोडा टाकणारे डंपर रात्री येतात. तिथे रोज माणसं चालत असती, तर ते पहिल्याच रात्री दिसले असते.

तिसरी गोष्ट आपल्या पुढाऱ्यांसाठी. मतं मागताना ते कब्रस्तानची भिंत देतात, लग्नाचा हॉल देतात, चौकाला नाव देतात. चालायला वाट कुणीच देत नाही, कारण आपण कधी मागितलीच नाही. आणि नाल्यात पिशवी भिरकावणारा हातही आपलाच असतो, हेही बोललं पाहिजे. तो नाला शेवटी खाडीलाच मिळतो.

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. देवनारची कचराभूमी १९२७पासून आपल्या उशाशी आहे. तिचा धूर आपण गिळला, २०१६च्या आगीत तर अख्ख्या शहराने तो पाहिला. २०२४मध्ये राज्य सरकारने तिथली सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पातल्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. कचरा हलेल, नकाशे बनतील, रेघा आखल्या जातील. खाडीचा काठ कुणाच्या वाट्याला जायचा, हे त्या रेघा ठरवतील. एकदा कंपाउंडची भिंत उभी राहिली की मग आपण आयुष्यभर अर्जच करत बसू.

म्हणून मागणी आत्ताच करायची, आणि आकडा सांगून करायची. मानखुर्द, मंडाळा, देवनार, चिता कॅम्प, ट्रॉम्बे या पट्ट्यात खाडीकाठाने जिथे जिथे कायद्याने शक्य आहे तिथे किमान सव्वातीन मीटर रुंदीची सार्वजनिक पायवाट. तिवरांना धक्का न लावता, तिकीट न लावता, दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृह यांसह. वस्तीतून त्या वाटेपर्यंत जाणारे रस्तेही त्याच आराखड्यात. कोळी बांधवांच्या होड्या आणि जाळ्यांची जागा आधी राखून, त्यांना विचारून.

आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. दर वेळी ती निघून जाते आणि आपल्याला नंतर कळतं. या वेळी प्रत्येक मशिदीच्या, प्रत्येक बुद्धविहाराच्या, प्रत्येक महिला बचत गटाच्या लोकांनी एक पानाचा अर्ज तयार ठेवावा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, सही नाही तर अंगठा लावा. लिहिता येत नसेल तर आमच्यासारखे शिक्षक कशासाठी आहेत? संध्याकाळी या, मी लिहून देते.