शुद्ध यीस्टची अर्धी गोष्ट

बिअरच्या इतिहासाचे बहुतेक निवेदक १८८३ या वर्षापाशी येऊन थांबतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढली, तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले आणि बिअर बिघडण्याचा प्रश्न निकालात काढला, अशी ती गोष्ट. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी त्याच प्रयोगशाळेच्या छायेत २१ वर्षांनी उलगडली, आणि ती पहिल्या अर्ध्याला चांगलीच अडचणीत आणते.

मूळ कोडे जुने होते. माल्ट तेच, हॉप्स तेच, पाणी तेच, कारागीरही तोच. तरी एका पिंपातील बिअर नितळ उतरे आणि दुसऱ्यातील गढूळ, कडवट. घरी दही लावणाऱ्यांना यात नवल वाटू नये: दूध एक असले तरी विरजण बदलले की दही बदलते. कार्ल्सबर्गचे संस्थापक जे. सी. जेकबसन यांना विरजणाचे मोल पुरते ठाऊक होते. १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतील यीस्ट डब्यांत भरून त्यांनी ते घोडागाडीच्या लांबच्या प्रवासात कोपनहेगनला आणले. ते जिवंत राहावे म्हणून मुक्कामामुक्कामाला डब्यांवर थंड पाणी ओतले जाई.

लुई पाश्चर यांनी या कोड्याला पहिले शास्त्रीय उत्तर दिले. १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत त्यांनी पोर्टर बिअरचे यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यातील परके जीव दाखवले. आठवड्याच्या आत त्या ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७६ च्या ग्रंथात पाश्चर यांनी बिअरच्या ‘रोगां’चा मुख्य दोष जिवाणूंवर ठेवला. जर्मनीकडून झालेल्या पराभवाचे शल्य त्या संशोधनामागे होते, हे त्यांनी लपवले नाही.

हान्सेनला हे उत्तर अपुरे वाटले. हा गृहस्थ एकेकाळी घरे रंगवून पोट भरत असे, आणि शेणावर उगवणाऱ्या बुरशींवरील निबंधाला त्याला सुवर्णपदक मिळाले होते. क्षुद्र जीवांकडे निरखून पाहण्याची सवय तिथलीच. त्याचा तर्क असा होता की जिवाणू नसतानाही बिअर बिघडू शकते, कारण यीस्टमध्ये यीस्टचीच भेसळ असते. अडचण एवढीच की ही निरनिराळी यीस्टे दिसायला जवळजवळ सारखी असतात. म्हणून त्याने रूपाऐवजी वागणूक तपासली: कोणत्या तापमानाला, किती वेळात त्यांचे बीजाणू तयार होतात. मग यीस्ट पाण्यात इतके पातळ केले की एखाद्या थेंबात एखादीच पेशी यावी, आणि त्या एका पेशीची प्रजा वाढवली. नोव्हेंबर १८८३ मध्ये जुन्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत या वाणापासून बिअर तयार होऊ लागली. जेकबसन यांनी हे यीस्ट तिजोरीत ठेवले नाही, इतर ब्रुअऱ्यांना मोफत वाटले. प्रयोगशाळेचे कोणतेही महत्त्वाचे संशोधन गुप्त ठेवायचे नाही, हा नियमच होता. या प्रसंगाला इतिहासात पाश्चर यांच्या सूक्ष्मदर्शकाइतकी जागा मिळायला हवी होती.

मात्र या विजयाबरोबर एक शब्दही जगभर पसरला: ‘जंगली’ यीस्ट. निवडलेल्या वाणाखेरीज जे काही असेल ते जंगली, आणि जंगली म्हणजे रोग. इंग्लंडच्या ब्रुअरांनी एकपेशीय वाण वापरून पाहिले, तेव्हा मुख्य किण्वन उत्तम झाले. पण पिंपात महिनोन्‌महिने मुरणाऱ्या त्यांच्या स्टॉक एलला जुना स्वाद काही येईना. त्यांनी कुरकुर केली आणि त्यांच्यावर ‘सनातनी’ असा शिक्का बसला.

१९०४ मध्ये कोपनहेगनचाच एक शास्त्रज्ञ, निल्स हिएल्टे क्लाउसेन, लंडनच्या ब्रुअरांसमोर उभा राहिला. मुरलेल्या इंग्रजी बिअरमधून त्याने एक संथ यीस्ट वेगळे केले होते. नेहमीच्या यीस्टने मागे ठेवलेल्या शर्करा ते सावकाश पचवते आणि ब्रुअरांना हरवलेला वाटणारा तो स्वाद निर्माण करते. त्याने त्याला ब्रेटानोमायसीस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. सनातनी म्हटल्या गेलेल्या लोकांची जीभ बरोबर होती.

यावरून हान्सेन चुकला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या लागर बिअरमध्ये ब्रेटानोमायसीस शिरले तर ती खरोखरच बिघडते. चूक त्याच्या निष्कर्षाला सार्वत्रिक नियम करणाऱ्यांची आहे. तीच पेशी एका तळघरात रोग ठरते आणि दुसऱ्यात स्वाद; हा निवाडा जीवशास्त्र करत नाही, पिणारे करतात. घरगुती बिअर बनवणारे आजचे हौशी लोक दोन यीस्टे वापरून दोन भिन्न चवी मिळाल्यावर ‘कुठे चुकले?’ असे विचारतात, तेव्हा ते नकळत १८८३ चीच भाषा बोलत असतात.

आणि त्या ‘शुद्ध’ पेशीची वंशावळ? लागरचे यीस्ट संकरित आहे, हे संशोधकांना आधीच माहीत होते. दोन पालकांपैकी एक एल बिअरचे यीस्ट, दुसरा अज्ञात. २०११ मध्ये तो दुसरा सापडल्याचे जाहीर झाले: सॅकरोमायसीस युबायानस, पाटागोनियाच्या जंगलात दक्षिणी बीच वृक्षांवरील गाठींमध्ये राहणारे. थंडीत किण्वन करण्याची लागर यीस्टची क्षमता याच पालकाकडून आलेली आहे. हान्सेनने जपून वेगळी काढलेली ती पेशी अर्धी जंगलीच होती.