तीन लाखांचा विमा, चौसष्ट हजारांचा भुर्दंड

अम्मीच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर सांगितले गेले, "चौसष्ट हजार भरा, मग कागद देतो." एकूण बिल १,६०,००० रुपये, विमा तीन लाखांचा. अकरा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही की एकदा दावा केला नाही. शेवटी मामूंनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे आणून दिले, तेव्हा आम्ही घरी आलो.

हिशेब नंतर कळला. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. स्वस्त खोली शिल्लक नाही म्हणून आम्हाला ६,००० ची मिळाली. चार दिवसांचा फरक १२,०००. तो भरायला माझी ना नव्हती. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे ८०,०००सुद्धा निम्मे कापले गेले. वर किरकोळ साहित्य, फाइल, नोंदणी असे बारा हजार 'देय नाही' या शिक्क्याखाली.

कंपन्या म्हणतात, महागड्या खोलीतल्या रुग्णाकडून डॉक्टरही जास्त फी घेतात. काही रुग्णालयांत ते खरे आहे. पण जिथे सगळ्या खोल्यांसाठी दर एकच आहे, तिथे ही कपात करता येणार नाही, असे विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २०२० मध्येच सांगितले आहे. औषधे आणि तपासण्यांनाही ती लागू नाही. हा नियम खिडकीवरचा माणूस सांगत नाही, एजंट तर नाहीच नाही. एजंटला तोंडपाठ असतो फक्त एक आकडा : तीन लाख.

दातांचे तर विचारूच नका. माहितीपत्रकात 'दंत उपचार' हा शब्द ठळक होता. माझ्या दाढेचे रूट कॅनाल करायची वेळ आली तेव्हा कळले, अपघातात दात दुखावला आणि त्यासाठी दाखल व्हावे लागले, तरच पैसे मिळतील. किडलेल्या दाढेसाठी कोण चार दिवस खाटेवर पडतो? जे क्वचितच घडेल तेवढेच द्यायचे आणि जाहिरात मात्र सगळ्याची करायची, याला मी लबाडी म्हणतो.

२०२४ पासून इर्डाने कॅशलेसला दाखल होताना एका तासात आणि डिस्चार्जला तीन तासांत उत्तर देण्याचे बंधन घातले. चांगले झाले. पण त्या पहिल्या तासातच 'या खोलीत राहिलात तर अंदाजे एवढे तुमच्या खिशातून जातील' हे लेखी द्यायला काय हरकत आहे? मर्यादा कंपनीला माहीत, भाडे रुग्णालयाला माहीत. अंधारात असतो तो फक्त हप्ता भरणारा.

पॉलिसीच्या मर्यादा सांगणारे माहितीपत्र ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यायचे असते. मी मराठीत मागितले आहे. तुम्हीही मागा, आणि आजारपण यायच्या आधी मागा.

सर्जनचा दर खोलीनुसार बदलतो का, हेही रुग्णालयाला लेखी विचारले आहे. उत्तर आलेले नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवली आहे. महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाणार. तिथे ना फी लागते, ना वकील. मामूंचे पैसे फीच्या तारखेआधी परत करायचे आहेत.