एक टिंब आणि एक अ‍ॅपॉस्ट्रफी

शनिवारच्या वर्गात षष्ठी विभक्ती शिकताना आम्हां मोठ्या गटातल्या मुलांना एक युक्ती सापडली. शाळेत इंग्रजीच्या तासाला ती फार उपयोगी पडते.

इंग्रजीत 'बॉइज' हा उच्चार एकच, पण लिहायचे प्रकार तीन. नुसता एस लावला तर अनेक मुलगे. एसच्या आधी अ‍ॅपॉस्ट्रफी दिली तर एका मुलाचे काहीतरी, नंतर दिली तर अनेक मुलांचे. इथे इंग्रजांचीही गडबड होते. भाजीवाले पाटीवर टोमॅटोच्या साध्या अनेकवचनातही ती घुसवतात. या चुकीला इंग्रजीत 'ग्रीनग्रोसर्स अ‍ॅपॉस्ट्रफी' असे नावच पडले आहे.

आमची युक्ती अशी. मनात मराठी करा. नामाला चा-ची-चे लागले तर अ‍ॅपॉस्ट्रफी हवी, नाहीतर नको. मग टिंब बघा. 'मुलाची खोली' : टिंब नाही, म्हणून एसच्या आधी. 'मुलांची खोली' : टिंब आहे, म्हणून एसच्या नंतर. ('चिल्ड्रन' हे अनेकवचन एसविना होते, म्हणून तिथे आधीच. हिज, हर्स, इट्स या सर्वनामांना मात्र ती कधीच नाही.)

पण एका ठिकाणी युक्ती फसते. 'आजोबांचा चष्मा'. टिंब आहे, आजोबा तर एकच! हे टिंब आदराचे. इंग्रजीत त्यासाठी चिन्हच नाही.

आणि हेच टिंब आम्ही सर्रास विसरतो. 'आजोबाचा चष्मा', 'बाईचं पुस्तक' असे लिहितो आणि वर म्हणतो, "एवढ्याशा टिंबाने काय बिघडतं?" अ‍ॅपॉस्ट्रफी चुकली तर शाळेत मार्क जातात, म्हणून ती आम्ही जपतो. टिंबासाठी कोणी नापास करत नाही. पण भारतात आजोबा आमचे पत्र वाचतात, तेव्हा नातवाने आपल्याला अरे-तुरे केले असेच त्यांना वाटत असणार.

बर्मिंगहॅमने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर अ‍ॅपॉस्ट्रफी न वापरायचे ठरवले, तेव्हा केवढी ओरड झाली! केंब्रिजला तर असाच निर्णय २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. तिथे काही जणांनी गाळलेल्या अ‍ॅपॉस्ट्रफी मार्करने पाट्यांवर काढल्या होत्या.

म्हणून आमचे मत असे, की वर्गात टिंबालाही मार्क असावेत. आमचे गेले तरी चालतील. आजोबांचा मान जायला नको.